वॉटर्स व्ह्यूमध्ये पेट्रस पुन्हा पुन्हा सायनसवर येतात, तेव्हा काय तपासायचं

पीएनएस वॉटर्सची, म्हणजे सायनस बघण्यासाठी चेहऱ्याच्या एक्स-रेची, रिक्वेस्ट येते. पेशंटची हनुवटी बकीला, म्हणजे फिल्म धरणाऱ्या स्टँडला, टेकवली, नाक थोडं दूर ठेवलं, सेंटरिंग घेतलं, एक्स्पोजर दिलं. इमेज समोर येते तर दोन्ही मॅक्सिलरी सायनसच्या (गालाच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्यांच्या) खालच्या भागावर पांढरा जाड पट्टा. रिपोर्टिंग करणारे डॉक्टर विचारतात, हा हेझीनेस आहे की हाड? मग रिपीट. रिपीटमध्ये हनुवटी जरा जास्तच वर केली जाते, तो पट्टा, म्हणजे पेट्रस हाडं, खाली निघून जातात, पण सायनस दबल्यासारखे आखूड दिसतात. बीपीएमटीच्या (पॅरामेडिकल पदवीच्या) विद्यार्थ्यांची स्कल आणि फेशियल बोन्सबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार हीच आहे, आणि नोकरीला लागून बरीच वर्षं झालेल्यांनाही ती सुटलेली नसते.

मला वाटतं याचं मूळ कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याला प्रत्येक व्ह्यू वेगळा पाठ करायला लावतात: कॅल्डवेलला कपाळ आणि नाक टेकवा, वॉटर्सला हनुवटी टेकवा, टाउनला हनुवटी छातीकडे घ्या. पाठांतर परीक्षेपुरतं चालतं. पण इमेज बिघडली की ती किती बिघडली आणि कोणत्या दिशेनं, हे पाठांतर सांगत नाही. मग आपण पेशंटला म्हणतो "थोडं वर करा", आणि ते "थोडं" म्हणजे किती हे कुणालाच माहीत नसतं. खरं तर बिघडलेली इमेज ते स्वतःच सांगत असते.

पेट्रस म्हणजे टेम्पोरल हाडाचा कवटीच्या तळाशी असलेला भाग, कानापासून आत आणि पुढे तिरका गेलेला. शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडांत त्याची गणना होते, त्यामुळे तो फिल्मवर लपत नाही. तो मागे आहे आणि चेहरा पुढे. पीए पोझिशनमध्ये, म्हणजे चेहरा बकीकडे आणि किरण मागून, हनुवटी जसजशी वर जाते तसतसा चेहरा वर सरकतो आणि त्याच्या तुलनेत पेट्रस खाली उतरतात. हनुवटी न हलवता ट्यूब खालच्या दिशेला कलवली तरी पेट्रस तसेच खाली उतरतात. म्हणजे चेहऱ्यावर पेट्रस कुठे पडलेत यावरून किरण आणि डोकं यांच्यातला कोन वाचता येतो. वजनकाट्याचा काटा वाचावा तसा.

आता आकडे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या भोकापर्यंतची रेषा म्हणजे ऑर्बिटोमिएटल लाइन, आपली ओएमएल. ओएमएल बकीला काटकोनात आणि ट्यूब सरळ असेल तर पेट्रस ऑर्बिटमध्ये, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत, भरलेले दिसतात. ट्यूब 15 अंश खाली कलवली की कॅल्डवेल होतो. पेट्रस ऑर्बिटच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात येतात. 30 अंश कलवली की ते ऑर्बिटच्या खालच्या कडेखाली जातात आणि ऑर्बिटचा तळ मोकळा दिसतो. मॉडिफाइड वॉटर्समध्ये ओएमएल फिल्मशी 55 अंशांचा कोन करते, म्हणजे काटकोनापासून 35 अंश दूर. पेट्रस मॅक्सिलरी सायनसच्या खालच्या अर्ध्यात पडतात. पूर्ण वॉटर्समध्ये ओएमएल फिल्मशी 37 अंशांवर असते, म्हणजे काटकोनापासून 53 अंश. पेट्रस सायनसच्या तळाच्या लगेच खाली असतात.

हे एकाच मोजपट्टीवरचे टप्पे आहेत: 0, 15, 30, 35, 53. म्हणून तुमच्या वॉटर्समध्ये पेट्रस सायनसच्या खालच्या अर्ध्यात दिसत असतील तर तुम्ही नकळत मॉडिफाइड वॉटर्स काढला आहे आणि अजून सुमारे 18 अंश बाकी आहेत. हा फरक चांगलाच मोठा आहे. "थोडं वर" म्हणून तो भरून निघणार नाही. ऑर्बिटच्या खालच्या कडेशीच अडकले असतील तर अजून 20 अंशांच्या वर जायचं आहे, आणि अशा वेळी पेशंटची मान खरंच तेवढी वळते का हे आधी बघा. तळाला जेमतेम शिवत असतील तर पाच-सात अंशांत काम होईल. पेट्रस सायनसपासून बरेच खाली गेले असतील आणि सायनस उभ्या दिशेत आखूड दिसत असतील तर हनुवटी खाली आणा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मॉडिफाइड वॉटर्स मुद्दाम काढतात, ऑर्बिटच्या तळाचं ब्लो-आउट फ्रॅक्चर बघण्यासाठी. त्यामुळे रिपीट करण्याआधी रिक्वेस्टवर काय विचारलंय ते वाचा. प्रश्न ऑर्बिटच्या तळाचा असेल तर तुमची "बिघडलेली" इमेज कदाचित पुरेशी आहे. प्रश्न अँट्रममधल्या, म्हणजे मॅक्सिलरी सायनसमधल्या, पाण्याचा असेल तर नाही.

37 की 45?

दुसरा गोंधळ पुस्तकांमुळे होतो. अमेरिकन पद्धतीची पुस्तकं ओएमएल 37 अंशांवर ठेवायला सांगतात, ब्रिटिश पद्धतीची बेसलाइन 45 अंशांवर. आपल्याकडे दोन्ही वाचली जातात, शिक्षकही दोन्ही परंपरांतले असतात. त्यात भर म्हणजे रेषा नेमकी कोणती हे घाईत सुटतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणारी ओएमएल आणि ऑर्बिटच्या खालच्या कडेतून जाणारी इन्फ्राऑर्बिटोमिएटल लाइन, म्हणजे आयओएमएल, यांत 7 ते 8 अंशांचं अंतर असतं. गणित करून पाहा: आयओएमएल फिल्मशी 45 अंशांवर असेल तर ओएमएल आपोआप 37-38 वर येते. पण ओएमएलच 45 वर ठेवली तर वॉटर्स 8 अंशांनी कमी पडतो, आणि पेट्रस सायनसचा तळ सोडत नाहीत. उलट, 37 हा आकडा आयओएमएलला लावला तर हनुवटी तेवढीच जास्त वर जाते. म्हणून कोन कुठलाही धरा, पण तो कोणत्या रेषेचा आहे हे वहीत शेजारी लिहून ठेवा.

मला स्वतःला हनुवटी ते कानाचं भोक ही मेंटोमिएटल लाइन बकीला काटकोनात आणणं सोपं वाटतं, कारण त्याला कोनमापक लागत नाही. बाजूला उभं राहून जमिनीशी समांतर रेषा डोळ्यांना लगेच कळते. पण ती सुद्धा फसवते, कारण खालचा जबडा हलतो. दात नसलेल्या आजींनी कवळी काढून तोंड मिटलं की हनुवटी वर आणि पुढे येते. रेषा चपटी होते, तुम्हाला वाटतं काटकोन झाला, पण प्रत्यक्षात डोकं पुरेसं मागे गेलेलंच नसतं, आणि पेट्रस सायनसवर येतात. ओपन माउथ वॉटर्समध्ये उलट घडतं. तोंड उघडल्यावर हनुवटी खाली जाते, आणि आता रेषा जुळवायला गेलं की डोकं गरजेपेक्षा जास्त मागे जातं. स्फेनॉइड सायनससाठी ओपन माउथ काढायचा असेल तर आधी तोंड मिटून पोझिशन पूर्ण करा, मग डोकं तसंच ठेवून फक्त जबडा हळूच खाली सोडायला सांगा. कवळी काढलेल्या पेशंटला मेंटोमिएटल सोडून ओएमएलवर या.

"नाक बकीपासून पाऊण इंच दूर" ही खूण सरासरी चेहऱ्यासाठी आहे. चपटं नाक, लांब नाक, पुढे आलेली हनुवटी, प्रत्येकाला ती वेगळी लागू पडते. सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या, शेवटचा निर्णय तिच्यावर सोपवू नका.

आणखी एक तपासणी मी सगळ्या विद्यार्थ्यांना करायला लावतो. कान वरच्या बाजूला जिथे डोक्याला चिकटतो, साधारण त्याच पातळीत आत पेट्रस रिज असते. पोझिशन झाली की बाजूला उभे राहा, त्या बिंदूवर बोट ठेवा आणि तिथून बकीकडे आडवी रेषा मनात ओढा. ती नाकपुडीच्या किंवा गालाच्या पातळीत पोचत असेल तर पेट्रस सायनसवर येणार. ओठांच्या पातळीत पोचत असेल तर बहुधा इमेज चांगली येईल. एक्स्पोजरच्या आधी एवढं करायला वेळ लागत नाही, आणि रिपीटचा डोस वाचतो.

पोझिशन बरोबर होती, मग इमेज का बिघडली?

कारण तुम्ही कन्सोलपर्यंत जाईस्तोवर पेशंटनं मान सैल सोडली. वयस्कर, मान दुखणारे, स्पॉन्डिलायटिसचे पेशंट तेवढा वेळ ती पोझिशन टिकवूच शकत नाहीत. इथे क्रम बदलावा लागतो. कोलिमेशन, मार्कर, एक्स्पोजरचे फॅक्टर, कॅसेट हे सगळं आधी उरकायचं आणि हनुवटी सर्वांत शेवटी वर घ्यायची. पेशंटला स्टुलावर बसवा, छाती बकीला लावून घ्या, दोन्ही हातांनी स्टँड धरायला द्या. बसलेल्या माणसाचं डोकं उभ्यापेक्षा कमी डुलतं.

बकीची उंचीही तपासा. हनुवटी वर घेतल्यावर ॲकॅन्थिऑन, म्हणजे नाक आणि वरचा ओठ जिथे मिळतात तो बिंदू, बकीच्या मध्याशी आला पाहिजे, कारण किरण तिथून बाहेर पडतो. विद्यार्थी बहुतेक वेळा पेशंट सरळ उभा असतानाच बकी लावतात. हनुवटी वर केल्यावर चेहरा सरकतो, मग पेशंट टाचा उंचावतो किंवा गुडघे वाकवतो, आणि सगळी मेहनत वाया जाते.

आपण बोलतो कसे यावरही बरंच अवलंबून आहे. "वर बघा" म्हटलं की पेशंट डोळे वर करतो, डोकं जागच्या जागी. "मान मागे टाका" म्हटलं की तो कमरेतून मागे झुकतो आणि हनुवटी बकीपासून सुटते. "काका, हनुवटी इथं टेकवा, आता ती इथंच ठेवून वर सरकवत न्या" असं सांगा, आणि विचारून दोन बोटांनी हनुवटीला आधार देऊन दिशा दाखवा. शब्दांपेक्षा स्पर्शानं लवकर कळतं. मान दुखली तर लगेच सांगा, हेही आधीच बोलून ठेवा.

दागिन्यांचं वेगळं सांगायला नको, पण वॉटर्समध्ये नाकातली चमकी नेमकी नाक आणि अँट्रमच्या भागावर येते, म्हणून ती आठवणीनं विचारा. केसांच्या पिना, क्लिप आणि घट्ट अंबाडाही मागच्या बाजूनं किरणांच्या वाटेत येतो.

चेहरा फिरलेला आहे

वॉटर्समध्ये चेहरा फक्त हनुवटीवर टेकलेला असतो, त्यामुळे तो डाव्या-उजव्या बाजूला सहज वळतो. ओळखायचं असं: दोन्ही बाजूंना ऑर्बिटची बाहेरची कड आणि कवटीची बाहेरची कड यांतलं अंतर मोजा. पीए पोझिशनमध्ये ज्या बाजूचं अंतर कमी, त्या बाजूला चेहरा वळलेला आहे. उजवीकडचं अंतर जास्त आणि डावीकडचं कमी दिसलं तर चेहरा डावीकडे वळलाय; रिपीटमध्ये उजवीकडे आणा.

सरळपणा तपासताना नाकावर विसंबू नका. सायनसचा एक्स-रे काढायला येणाऱ्यांत वाकड्या पडद्याचे, म्हणजे डीएनएसचे पेशंट बरेच असतात, आणि काहींचं नाक बाहेरूनही एका बाजूला झुकलेलं असतं. नाक मध्यावर आणायला गेलात तर सरळ डोकं तुम्हीच फिरवून ठेवाल. त्याऐवजी पेशंटच्या मागे उभे राहा, दोन्ही अंगठे कानामागच्या मॅस्टॉइडवर ठेवा आणि दोन्ही बाजू बकीपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा.

डोकं खांद्याकडे कललेलं असेल तर तो टिल्ट. त्यात दोन्ही बाजूंची अंतरं सारखीच राहतात, फक्त पूर्ण चेहरा तिरका दिसतो. डिजिटल इमेज फिरवून सरळ करण्याचा मोह होतो, पण सायनसमध्ये पाणी असेल तर तसं करू नका. पाण्याची पातळी जमिनीशी समांतर असते. इमेज फिरवली की ती तिरकी होते आणि वाचणारा गोंधळतो.

पाण्याच्या पातळीवरून ट्यूब कलवण्याचा मुद्दा येतो. मान मागे जात नसेल तर ट्यूब खाली कलवून पेट्रस सायनसखाली नेता येतात, हे आपण वर पाहिलंच. हाड बघायचं असेल तर हा उपाय ठीक आहे. पण एअर-फ्लुइड लेव्हल दिसायला पेशंट उभा किंवा बसलेला आणि किरण आडवा, या दोन्ही अटी लागतात. ट्यूब कलवली की पातळीची स्पष्ट रेषा पुसट होते. सायनुसायटिसच्या पेशंटमध्ये मान जेवढी जाईल तेवढीच घ्या, किरण आडवाच ठेवा, आणि पेट्रस तळावर येत असतील तर रिक्वेस्टवर "मान मर्यादित" असं लिहून द्या. अशी इमेज डॉक्टरांच्या जास्त कामाची असते. झोपून आलेल्या पेशंटला एक्स्पोजरपूर्वी काही मिनिटं बसवून ठेवा, म्हणजे पाणी स्थिरावेल.

टाउन आणि लॅटरलमध्ये हाच विचार

टाउनमध्ये वाचायचा बिंदू बदलतो. पेशंट एपी (डोक्याची मागची बाजू बकीकडे, किरण समोरून), ओएमएल काटकोनात, ट्यूब 30 अंश पायाकडे. हनुवटी तेवढी खाली येत नसेल तर आयओएमएल काटकोनात आणून ट्यूब 37 अंश करा. तो 7 अंशांचा हिशेब इथेही तसाच लागू होतो. इमेजवर डॉर्सम सेली (पिट्युटरीच्या खाचेमागची हाडाची भिंत) फोरॅमेन मॅग्नमच्या, म्हणजे कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकाच्या, आत दिसलं पाहिजे. ते फोरॅमेनच्या वर राहिलं तर कोन कमी पडलाय. फोरॅमेनमध्ये पहिल्या मणक्याची मागची कमान घुसली असेल तर कोन जास्त झालाय.

लॅटरल स्कलमध्ये जोड्या बघा. दोन्ही कानांची भोकं किंवा जबड्याचे दोन्ही रॅमस (उभे भाग) पुढे-मागे सरकलेले दिसले तर डोकं फिरलंय. ऑर्बिटची दोन छतं एकाखाली एक दिसली तर टिल्ट आहे. सेंटरिंग कानाच्या भोकाच्या सुमारे 5 सेंटिमीटर वर घ्या. डोळ्यांच्या बाहुल्यांना जोडणारी रेषा बकीला काटकोनात आहे का, हे पेशंटच्या समोर उभं राहून बघा. बाजूनं पाहून ते कळत नाही.

अपघाताचा पेशंट

यातलं मान हलवण्याबद्दलचं काहीही अपघाताच्या पेशंटला लागू नाही. मानेचा मणका सुरक्षित आहे असं डॉक्टर सांगेपर्यंत कॉलर काढायची नाही, हनुवटी वर करायची नाही. पेशंट उताणाच ठेवा, ट्यूब डोक्याकडे कलवून किरण मेंटोमिएटल लाइनला समांतर करा. हा रिव्हर्स वॉटर्स. चेहरा फिल्मपासून दूर असल्यानं हाडं मोठी दिसतील, हे रिपोर्टिंगच्या वेळी सांगा. लॅटरल हवा असेल तर आडव्या किरणानं काढा, मुद्दाम. उताण्या पेशंटच्या स्फेनॉइड सायनसमधली पाण्याची पातळी कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची एकमेव खूण असू शकते, आणि ती फक्त आडव्या किरणातच दिसते. सीटी जवळ असेल तर अशा पेशंटला तिकडेच पाठवलं जातं आणि तेच योग्य आहे. तालुक्याच्या ठिकाणी रात्री सीटी नसते तेव्हा मात्र हा एक साधा लॅटरल उपयोगी पडतो.

सरावासाठी दोन गोष्टी करा. जोडीदाराला किरण न देता बकीसमोर बसवा, ओएमएल आणि आयओएमएल खडूनं किंवा चिकटपट्टीनं चेहऱ्यावर आखा, आणि कोनमापकानं 37, 45, 55 अंश लावून प्रत्येक वेळी बाजूनं फोटो काढा. फोटोवर कान वर जिथे डोक्याला चिकटतो तिथून आडवी रेषा ओढून ती चेहऱ्यावर कुठे येते ते लिहा. दुसरं, विभागातल्या रिपीट झालेल्या वॉटर्सच्या इमेज काढून बसा आणि पेट्रस बघून प्रत्येकीवर हनुवटी किती अंश वर किंवा खाली न्यायची ते लिहा, मग त्याच पेशंटची दुसरी इमेज उघडून आपलं उत्तर पडताळा. आठवडाभर रोज थोडा वेळ हे केलंत तर पुढच्या पेशंटला "थोडं वर करा" असं मोघम सांगायची वेळ येणार नाही.